अकरा सेकंदांचा आवाज

किस्वोरोला मी वीस वर्षं ओळखतो. एवढ्या काळात 'मला माहीत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. सोलो शहरात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर तो लोकांचे जन्मदाखले, घटस्फोट आणि जमिनीचे वाद काचेवर पालथे घालतो आणि त्यातली एक ओळही वाचत नाही. वय एक्केचाळीस. लग्न झालं होतं, मोडलं. बायको क्लातेनला माहेरी निघून गेली. का गेली म्हणून विचारलं तर सांगतो, तिला संगीताचा कान नव्हता. गल्लीतले सगळे त्याला मास म्हणतात, म्हणजे दादा. त्याच्यापेक्षा मोठेही म्हणतात. अशी माणसं आदर मागून घेतात आणि लोक तो देऊन मोकळे होतात, कारण न देण्यात जास्त वेळ जातो.

किस्वोरोला वाद्य वाजवता येत नाही. गाता येत नाही. त्याला सिनेमातलं संगीत आधी ओळखता येतं, असं तो म्हणतो. सिनेमा यायच्या आधी. कुठल्या प्रसंगाला कुठलं वाद्य, कुठे गाणं, कुठे नुसती शांतता, हे तो फोनवरच्या आपल्या मंडळाला सांगतो. त्या मंडळात नऊ हजार माणसं आहेत. नऊ हजार प्रौढ माणसं, दिवसाची कामं टाकून, न पाहिलेल्या सिनेमातल्या न ऐकलेल्या संगीतावर एकमेकांची अक्कल काढतात.

गेल्या वर्षी जाहीर झालं की एकोणीसशे एकोणपन्नास साली आमच्या शहरात डचांशी झालेल्या चार दिवसांच्या लढाईवर मोठा सिनेमा येणार. तेव्हापासून किस्वोरोचं दुकान म्हणजे लष्कराचं मुख्यालय झालं. भिंतीवर मोठा कागद लागला. डावीकडे प्रसंग, उजवीकडे संगीत. पूल उडवणे: ढोल. जखमी शिक्षक: बासरी. आई मुलाला निरोप देते: क्रोंचोंग, म्हणजे छोट्या गिटारींवरचं आमच्याकडचं जुनं संथ गाणं, आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हं. झेरॉक्स काढायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या कागदाची एक प्रत फुकट पडे. एका विधवेला नवऱ्याच्या मृत्युदाखल्याबरोबर ती मिळालेली मी पाहिली आहे.

या लढाईशी त्याचा संबंध विचाराल तर त्याचा आजा त्या चार दिवसांत बायकापोरं घेऊन वोनोगिरीच्या डोंगरात पळाला आणि कसाव्याची मुळं उकडून खात बसला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझा बापही तिथेच, त्याच मुळांवर जगला. पण किस्वोरोच्या तोंडी तो आजा हळूहळू गनिमी सैनिक झाला. आधी निरोप पोचवणारा, मग बंदूक लपवणारा, गेल्या जानेवारीपासून बंदूक चालवणारा.

रविवारी सकाळी ही सगळी विद्वत्ता बु मार्मीच्या सोतोच्या दुकानात जमते. मीही तिथे जातो. तिच्या सोतोचा रस्सा पातळ, स्वच्छ असतो आणि सोयाबीनचं तळलेलं तेंपे कडक असतं. त्यासाठी समोरच्या बाकावरची बडबड सोसता येते.

"पहिली गोळी सुटली की गामेलानच्या वाद्यांतली मोठी घंटा," प्रिहादी म्हणाला. हा न्हावी. "एकदाच. मग सगळं गप्प. अंगावर काटा येईल बघा."

"तुझ्या वस्तऱ्याखाली बसलं की येतोच काटा," तोहा म्हणाला. हा शाळेत कवायत शिकवतो. "आता गिटार लागते, इलेक्ट्रिक. पोरांना लढाई अंगात शिरली पाहिजे."

"डच सैन्य काय गिटार ऐकून पळालं?"

"घंटा ऐकून पळालं का मग?"

"तुम्ही दोघं जेवा," किस्वोरो म्हणाला. "बोलू नका. दिग्दर्शकाचे मागचे चार सिनेमे मी कानाला लावून ऐकलेत. तो माणूस बाईच्या आवाजाशिवाय कुणाला मारत नाही."

"मास," बु मार्मी पातेल्यावरून म्हणाली, "त्या लढाईत माणसं मरतात, की नुसतीच वाजतात?"

सगळे हसले. किस्वोरोही हसला. त्याला टोमणा कळत नाही असं नाही. तो त्याच्या अंगाला चिकटत नाही, एवढंच.

मार्चमध्ये सिनेमाची पहिली झलक आली. दीड मिनिटाची. त्यात धूर, पूल, पळणारे पाय, आणि शेवटी काळ्या पडद्यावर एका बाईचा आवाज. दुरून, जुन्या रेडिओतून यावा तसा खरखरीत. मागे दोन छोट्या गिटारी आणि बोटांनी छेडलेला सेलो. शब्द नाहीत, नुसता आलाप. अकरा सेकंद.

त्या अकरा सेकंदांवर नऊ हजार माणसं तुटून पडली. चाल जावानी वळणाची होती आणि तसं क्रोंचोंग त्या लढाईनंतर पाच-दहा वर्षांनी लोक गाऊ लागले, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी तेंपे खात राहिलो.

पुढच्या रविवारी किस्वोरो हेडफोन गळ्यात अडकवून आला. डोळे तांबारलेले. बसला नाही.

"सापडली," तो म्हणाला. "चौथ्या सेकंदाला ती आलापाच्या मधेच श्वास घेते. ठेक्याच्या मागे रेंगाळते, आणि रेंगाळत असताना श्वास. असं आख्ख्या सोलोत एकच बाई गायची. माझी आई सांगायची. म्बाह रुबियाह."

म्बाह रुबियाह म्हणजे आमच्याच गल्लीतली आजी, सार्वजनिक विहिरीपलीकडच्या घरातली. एकोणऐंशी वर्षांची. एके काळी लग्नांत, सरकारी समारंभांत क्रोंचोंग गायची. पन्नाशीत गळ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून तिचा आवाज कागद फाटल्यासारखा येतो.

ठेक्याच्या मागे रेंगाळणं हे क्रोंचोंग गाणारी प्रत्येक बाई करते. ते केलं नाही तर ते क्रोंचोंगच नाही. हे म्हणजे एखाद्या माणसाला तो भात खातो यावरून ओळखण्यासारखं झालं. पण आमच्या लोकांना रेंगाळणारा आवाज ऐकू आला की तो आपल्याच गल्लीतला वाटतो. प्रिहादीनं मान हलवली. तोहानं हलवली. बु मार्मीनं पातेल्यावर झाकण ठेवून हात पुसले आणि म्हणाली, "मग तिला सांगायला हवं."

सगळे गेले. मीही गेलो. जायला नको होतं हे तेव्हाही कळत होतं.

म्बाह रुबियाह ओट्यावर लसूण सोलत होती. किस्वोरोनं फोन तिच्या उजव्या कानाला लावला. डाव्यानं तिला ऐकू येत नाही. तिनं तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना लसणाची पाकळी बोटांत तशीच धरलेली होती.

"अशी होते मी?" ती म्हणाली.

"अशीच होतात, म्बाह. चौथ्या सेकंदाचा श्वास बघा."

"मला कसं कळणार रे. मी स्वतःला कधी ऐकलंच नाही."

मग तिनं सांगितलं. आयुष्यात एकदाच तिचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये, 'रेडिओ कुसुमा' या खाजगी केंद्रावर. दुपारी गायली, संध्याकाळी लागणार होतं. घरी रेडिओ नव्हता. शेजाऱ्यांकडे गेली, तर त्यांच्याकडे सासरा वारलेला. रेडिओ लावा म्हणून कसं सांगायचं. ती मयताच्या घरी बसून राहिली आणि तिचं गाणं सगळ्या शहरानं ऐकलं.

"एकदा पुरं ऐकायला मिळालं असतं," ती म्हणाली. "एवढंच होतं मनात. बाकी काही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दार्तो, तू होतास ना त्या केंद्रात? टेपा सांभाळायचास. असेल ना ती कुठे?"

मी रेडिओ कुसुमात टेपा सांभाळत होतो, हे खरं आहे. पण सांभाळणं म्हणजे काय ते सांगतो. टेपा सिंगापूरहून यायच्या, महाग पडायच्या आणि नेहमी कमी असायच्या. म्हणून कार्यक्रम लागून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी टेप पुसायची आणि पुन्हा वापरायची. एक टेप तीस-तीस वेळा. पुसायला एक जड लोहचुंबक होतं, इस्त्रीएवढं. ते टेपेवरून गोल गोल फिरवायचं. हे काम एकोणीस वर्षांच्या पोराचं होतं आणि तो पोरगा मी. त्र्याहत्तर साली त्या केंद्रात झालेलं एकही गाणं जगात शिल्लक नाही. म्बाह रुबियाहचं तर नाहीच. तिच्या गाण्यावर कदाचित खताची जाहिरात असेल, कदाचित कुराणपठण.

हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. ओट्यावर चौघं उभी होती. किस्वोरो माझ्याकडे पाहत होता.

"असेल कुठेतरी," मी म्हणालो.

पुढच्या पाच महिन्यांत किस्वोरोनं काय केलं ते सांगायला मला किळस येते, पण त्याचं आयुष्य सांगायचं तर तेच सांगावं लागेल. दुसरं त्यात काही नाही. त्यानं म्बाह रुबियाहचा ओट्यावरचा फोटो मंडळात टाकला. खाली लिहिलं: लढाईचा आवाज. हजारो लोकांनी रडण्याची चित्रं पाठवली. सुरबायाच्या एका बाईनं डबाभर चिप्स पाठवले. समारांगच्या कुणी एकानं लिहिलं की हा आवाज योग्याकार्ताच्या संगीत महाविद्यालयातल्या एखाद्या मुलीचा असणार, खरखर मागून घातलेली आहे. किस्वोरो त्याच्याशी अकरा दिवस भांडला. दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि हा अंगठ्यानं टाइप करतोय. शेवटी त्या समारांगवाल्याला मंडळातून हाकललं. नऊ हजारांत तो एकटा शहाणा होता.

रोज संध्याकाळी किस्वोरो म्बाहच्या ओट्यावर जाऊन बसे आणि नवा अंदाज सांगे. गाणं सिनेमात कुठे येईल. आईच्या निरोपाला येईल, की शिक्षक मरताना. पुरं येईल का.

"पुरं येईल ना रे?" ती विचारी.

"पुरंच. अर्धं वापरायला तो दिग्दर्शक मूर्ख आहे का?"

जूनपासून तिनं तळलेलं खाणं सोडलं. बर्फ सोडला. सकाळ-संध्याकाळ ती तांदूळ आणि कचोऱ्याचा काढा पिऊ लागली, गाणाऱ्या बायका कार्यक्रमाआधी पितात तसा. गायचं नव्हतंच. ऐकायचं होतं. बु मार्मीनं एकदा हटकलं, "म्बाह, गळा कुणासाठी सांभाळताय?" तर ती म्हणाली, "तो लागेल तेव्हा मी खोकायला नको."

मी रोज तिच्या दारावरून जात होतो.

ऑगस्टमध्ये सिनेमा लागला. किस्वोरोनं दुपारच्या खेळाची तेवीस तिकिटं काढली, सगळी एका रांगेत, म्बाह बरोबर मध्ये. तिनं हिरवी कबाया घातली होती, अंबाड्याला आकडे होते. तोहानं तिला सरकत्या जिन्यावर उचलून धरलं. मी कडेच्या खुर्चीवर होतो.

सिनेमा कसा होता विचारू नका. पूल उडाला तेव्हा ढोल वाजले. किस्वोरो खुर्चीत उसळला. पहिल्या गोळीला घंटा नव्हती, गिटारही नव्हती, ट्रम्पेट होती. प्रिहादी आणि तोहा दोघंही नाराज. माणसं मरत होती आणि आमची रांग वाद्यं मोजत होती.

मग आई आली. विहिरीवर मुलाचा सदरा धूत होती. मुलगा मागच्या दारानं निघून गेला. आणि तो आवाज सुरू झाला. तोच, झलकेतला. अकरा सेकंदांनंतर थांबला नाही. खरखर विरली, आवाज जवळ आला, स्वच्छ झाला आणि शब्द आले. तांदूळ, नदी, परत न येणारी वाट. आवाज तरुण होता, तयारीचा, सुंदर. दीड मिनिट चाललं ते गाणं.

म्बाह रुबियाहनं ते गाणं जन्मात कधी गायलेलं नव्हतं. हे तिला पहिल्या शब्दाला कळलं असणार. मी तिच्याकडे पाहिलं. ती खोकली नाही. हात मांडीवर, उजवा कान पडद्याकडे.

किस्वोरोनं टाळ्या वाजवल्या. तिच्याकडे वाकून म्हणाला, "ऐकलंत म्बाह?"

"ऐकलं," ती म्हणाली.

शेवटच्या नावांत गायिकेचं नाव आलं. कुणी तरुण मुलगी, योग्याकार्ताची. एवढ्यानं दुसऱ्या कुणाची मान खाली गेली असती. किस्वोरो बाहेर येईपर्यंत गप्प होता, जेमतेम. जिन्यापाशी त्याला नवा अंदाज सुचला.

"चोरी," तो म्हणाला. "म्बाहची टेप त्यांच्याकडे आहे. ती ऐकून त्या पोरीनं गायलंय. पहिले अकरा सेकंद म्बाहचेच, पुढे पोरीला चिकटवलंय. श्वास तोच आहे. टेप आहे म्हणूनच श्वास आहे."

तेवीस माणसं थांबून ऐकत होती. म्बाह जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. "टेप आहे म्हणतोस?" एवढंच ती म्हणाली.

दोन दिवसांत त्यानं निवेदन तयार केलं. मूळ टेप परत करा. सिनेमा कंपनीला एक, रेडिओ कुसुमाच्या जुन्या मालकाच्या मुलांना एक. खाली म्बाहच्या सहीची जागा आणि त्याखाली: साक्षीदार, केंद्राचे माजी टेप-संग्राहक. ती प्रत तो बु मार्मीच्या दुकानात मला देऊन गेला. माझं नाव आधीच छापलेलं होतं.

मी त्याच दिवशी दुपारी म्बाह रुबियाहच्या घरी गेलो. किस्वोरोचा एवढा तिटकारा आला होता की खरं बोलणं त्यापुढे सोपं वाटलं. तिनं मला आत बसवलं, चहा आणून ठेवला, आमच्याकडे असतो तसा, गोड, दाट, काचेच्या ग्लासात झाकण घालून. मी सगळं सांगितलं. टेपांची टंचाई, सकाळचं काम, लोहचुंबक.

तिनं माझ्या ग्लासवरचं झाकण सरळ केलं.

"म्हणजे दुसऱ्याच दिवशी," ती म्हणाली.

"हो, म्बाकयु." तरुणपणी मी तिला तसंच म्हणायचो, मोठी बहीण म्हणून.

"पुसायच्या आधी ऐकलं होतंस?"

"पुसताना ऐकत नाहीत. ते यंत्रावर चढवावं लागत नाही. नुसतं वरून फिरवायचं."

"म्हणजे तूही ऐकलं नाहीस."

"नाही."

"तो सांगायचा ते खोटं आहे, हे मार्चपासून माहीत होतं तुला."

"हो."

"पाच महिने. दर रविवारी माझ्या ओट्यासमोरून सोतो खायला जायचास तू." तिचा तो फाटका आवाज चढला नाही. "तो मूर्ख आहे रे. मूर्ख रोज येऊन बसायचा तरी."

चहा समोर होता. आमच्याकडे यजमानानं घ्या म्हटल्याशिवाय पाहुणा ग्लासला हात लावत नाही. आणि घ्या म्हणायचं राहून गेलं असं कधी होत नाही. ती म्हणाली नाही. झाकणाखाली वाफेचे थेंब जमले, मोठे झाले, ओघळले. मी तसाच बसून होतो. उठायचं तरी चहा प्यायल्याशिवाय उठता येत नाही.

तेवढ्यात किस्वोरो आला. काखेत कागद, गळ्यात हेडफोन.

"पाक दार्तो पण इथेच," तो खूश होऊन म्हणाला. वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडे पाक म्हणतात. "बरं झालं. एका बैठकीत काम होईल."

"बस रे बाळा," म्बाह म्हणाली. माझ्या समोरचा ग्लास तिनं उचलला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. "घे. कोमट झालाय, चालेल ना?"

"कोमटच बरा," तो म्हणाला आणि फुर्र आवाज करत तीन घोटांत संपवला. मग तोंड पुसून सांगू लागला. मंडळातली सहा हजार माणसं पाठीशी आहेत. समारांगवाला परत आलाय आणि हसतोय, त्यालाही उत्तर मिळेल. शिवाय पुढच्या वर्षी नौदलाच्या लढाईवर सिनेमा येणार, त्यात तर समुद्रच समुद्र, त्यात बाईचा आवाज नसेल तर तो कान कापून देईल. म्बाह उजवा कान त्याच्याकडे करून ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "हो का?"

मी वाट पाहत होतो, ती त्याला सांगेल. त्याचं तोंड एकदा बंद झालेलं पाहण्याची मला वीस वर्षांची हौस होती. खोटं नाही सांगत, त्या क्षणीही होती.

तिनं कागद ओढून घेतला. डोळ्यांजवळ नेऊन वाचला, सावकाश, प्रत्येक ओळीवर बोट फिरवत. 'मूळ टेप' या शब्दांवर बोट थांबलं. मग पेन मागून तिनं सही केली, जुन्या वळणाची, प्रत्येक अक्षर वेगळं.

"साक्षीदार लागतो ना रे?" तिनं त्याला विचारलं.

"लागतो म्हणजे? सगळं त्यावरच आहे. पाक दार्तोंनी सांभाळली होती म्हटल्यावर कोण नाही म्हणेल."

तिनं कागद माझ्याकडे सरकवला. वर पेन ठेवलं, टोक माझ्या बाजूला करून. माझ्याकडे पाहिलं नाही. रिकामा ग्लास उचलून ती आत गेली. मोरीत तो विसळल्याचा आवाज आला.

"इथे, पाक," किस्वोरो माझ्या नावावर बोट ठेवत म्हणाला. "तारीख पण घाला."

मी सही केली. तारीख घातली.